पाया पडू नका, एरर पाठवा

रविवारी रात्री पावणेदहाला मेसेज येतो, ‘सर, आहात का?’

मी असतो. ओटा आवरून झालेला असतो, उद्याच्या डब्याला काय याची चर्चा चाललेली असते. मी लिहितो, ‘हो, बोल.’ पाच मिनिटं काहीच नाही. मग, ‘सर, एक डाउट होता.’ मी पुन्हा, ‘बोल.’ मग, ‘पायथन चालत नाहीये.’ आणि मग एक फोटो. लॅपटॉपच्या स्क्रीनचा, मोबाइलवर काढलेला, तिरका. मधोमध ट्यूबलाइटची पांढरी पट्टी आणि एररचा वरचा अर्धा भाग नेमका कापलेला. ‘पूर्ण फोटो पाठव.’ ‘सर, लाइट गेलीये, लॅपटॉप बंद पडला.’ वीस मिनिटांनी लाइट येते. दुसरा फोटो येतो. त्यात खालचा अर्धा भाग कापलेला असतो.

पोरानं सापशिडीचा फासा टाकणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत १ ते ६ मधला कुठलाही आकडा हवा असेल तर ‘रँडम’ नावाचं तयार मॉड्यूल, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला कोड, मागवावं लागतं. यानं स्वतःच्या फाइललाच ‘रँडम डॉट पीवाय’ असं नाव दिलं होतं. पायथन मॉड्यूल शोधायला निघतं तेव्हा आधी त्याच फोल्डरमध्ये बघतं, त्यामुळे प्रोग्रॅम स्वतःच स्वतःला हाका मारत बसला होता. फाइलचं नाव दिसलं असतं तर हे ओळखायला पाच सेकंद पुरे होती. ते नाव एररच्या सुरुवातीच्याच ओळीत छापलेलं असतं. पायथनच्या अलीकडच्या आवृत्तीत तर ‘फाइलचं नाव बदलून बघा’ असा सल्लाही त्या एररमध्येच येतो, म्हणजे माझी गरजही नाही. ‘फाइलचं नाव बदल’ एवढे तीन शब्द लिहीपर्यंत दहा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

‘थँक यू सर. तुम्ही देव आहात.’ पुढे जोडलेले हात, तीनदा.

मी पुण्यात एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी साडेनऊ ते साडेअकरा मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. फी नाही, सर्टिफिकेट नाही. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, ती सोमवार ते शुक्रवार आणि बरेचदा शनिवारीही असते. आदराची मला कमतरता पडलेली नाही. गुरुपौर्णिमेला श्रीफळ मिळतं, एकदा शालही मिळाली. मुलं वाकून नमस्कार करतात, मी खोलीत आलो की उभी राहतात, माझ्यासमोर पाय पसरून बसत नाहीत. आणि हीच मुलं ‘उद्या नक्की येतो सर’ म्हणून येत नाहीत, मी मागच्या आठवड्यात सांगितलेलं न करता तोच प्रश्न पुन्हा घेऊन येतात आणि सुटलेल्या प्रश्नाचं पुढे काय झालं ते कधी कळवत नाहीत. गुरूचा मान राखायचा म्हणजे काय करायचं, हे आपल्या घरांतून चांगलं शिकवलं जातं. त्या शिकवणीत गुरूच्या घड्याळाचा उल्लेख मात्र कुठे येत नाही. मराठीत आपण वेळ काढतो, घालवतो, मारून नेतो, आणि दुसऱ्याचा असला तर खातो.

इथं कुणी म्हणेल, एवढंच असेल तर शिकवायचं बंद करा. स्वखुशीनं करता ना? मग कुरकुर कसली? आक्षेप रास्त आहे. माझ्या सत्तेचाळीस मिनिटांचं म्हणाल तर त्यांचं फार काही झालं नाही, मी मोबाइलवर काहीबाही बघण्यात ती घालवलीच असती. पण हा हिशेब माझ्यापुरता नाही.

रविवारचे दोन तास म्हणजे १२० मिनिटं. खोलीत साधारण अठरा मुलं असतात. सारखी वाटणी केली तर एकेकाच्या वाट्याला पावणेसात मिनिटंही येत नाहीत. सारखी वाटणी अर्थातच कधी होत नाही. जो धीट आहे, जो ‘सर, सर’ म्हणत खुर्चीशेजारी येऊन उभा राहतो, तो वीस मिनिटं घेतो. त्याचा प्रश्न काय आहे हे काढून घेण्यातच त्यातली पंधरा जातात.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा यायचा. आयटीआयचा, मागच्या बाकावर बसणारा. लॅपटॉपची बिजागरी तुटलेली, स्क्रीन मागच्या भिंतीला टेकवून ठेवायचा. चार रविवार त्यानं तोंड उघडलं नाही. पाचव्या रविवारी माझ्याजवळ आला तेव्हा हातात वही होती, वहीत पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. त्याच्याआधीचा मुलगा मला आपला प्रोजेक्ट का चालत नाही हे अर्धा तास सांगत होता. शेवटी कळलं, की तो प्रोजेक्ट त्याचा नव्हताच, कुणाकडून तरी विकत घेतलेला होता आणि त्यानं तो स्वतः एकदाही चालवून पाहिला नव्हता. वाचनालयाचे काका दारात उभे राहून किल्ल्या वाजवायला लागले. साडेअकरा. मी वहीवाल्याला म्हटलं, ‘पुढच्या रविवारी पहिला नंबर तुझा.’ पुढच्या रविवारी तो आला नाही. नंतरही नाही.

त्या दिवसापासून मला या गोष्टीकडे शिष्टाचाराचा मामला म्हणून बघता येत नाही. मी मराठवाड्यातल्या एका गावात वाढलो. उन्हाळ्यात टँकर यायचा. टँकरमधलं पाणी मोजकं आणि रांग लांब. एखादी बाई रांगेत नंबर आल्यावर हंडा विसळत बसली, तर ओरडा टँकरवाला करायचा नाही, मागच्या बायका करायच्या. हंडा घरून विसळून आणायचा, हा नियम कुणी फलकावर लिहिला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. फुकट शिकवणाऱ्याचा वेळ हा तसा टँकर आहे. आणि आपण मुलांना शिकवतो ते टँकरवाल्याला नमस्कार करायला.

माझ्या माडीवर अठरा मुलं आहेत. हेच चित्र मोठं करून बघायचं असेल तर मुक्त सॉफ्टवेअरचं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता आणि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरचं, जग बघावं. तिथल्या बऱ्याच प्रकल्पांचे सांभाळकर्ते पगाराविना काम करतात. अशा प्रकल्पांवर नवख्यांना काम शिकवणारा ‘गूगल समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५ पासून चालू आहे. त्यात शिकणाऱ्याला मानधन मिळतं, शिकवणारा मेंटॉर मात्र स्वयंसेवक असतो. या उपक्रमात भारतीय मुलांची संख्या मोठी असते, आणि ती अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच जगात आपल्या नावाची दुसरी बाजूही आहे. हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक उपक्रम दर ऑक्टोबरात होतो. मुक्त प्रकल्पांना चार सुधारणा पाठवा, टी-शर्ट मिळवा, अशी त्याची जुनी योजना होती. २०२० साली त्यात असला पूर आला की विचारू नका. एका भारतीय यूट्यूब चॅनेलवर सुधारणा कशी पाठवायची याचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं, त्यात प्रकल्पाच्या मथळ्याला ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ अशी शब्दांची भर घातली होती. बघणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी तीच भर, त्याच शब्दांत, जगभरातल्या खऱ्या प्रकल्पांना पाठवून दिली. त्या प्रत्येकीवर एका माणसानं उघडा, वाचा, नाकारा, बंद करा, एवढं काम केलं. आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलून ‘ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचंय तेवढेच’ असं करावं लागलं. २०२३ साली टी-शर्टही बंद केला. बरं, शहाणपण आलं म्हणावं तर २०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेबसाइट बांधायला जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाच्या रीडमी फाइलीत, म्हणजे ओळख करून देणाऱ्या फाइलीत, आपलं नाव घुसवणाऱ्या ‘सुधारणां’ची रांग लागली. कारण तेच होतं. धडा दाखवणाऱ्यानं सरावासाठी वेगळी जागा दिली नाही, आणि शिकणाऱ्याच्या मनात आलं नाही, की पलीकडे कुणीतरी माणूस बसलाय.

मला त्या मुलांचा राग येत नाही. त्यांना रिझ्युमेवर एक ओळ हवी होती, त्यांच्यासारखीच लाखो पोरं त्या एका ओळीमागे धावतायत. पण खेड्यातून आलेल्या एखाद्या मुलीनं आठवडाभर खपून खरोखरची दुरुस्ती पाठवली असेल, तर ती त्या ढिगाऱ्याखाली सापडली का? सांभाळकर्त्यानं ‘आणखी एक भारतातून’ म्हणत न वाचताच बंद केली का? इथंही मार खातो तो मागच्या बाकावरचाच.

थकलेल्या स्वयंसेवकाची किंमत कधीकधी सगळ्या जगाला मोजावी लागू शकते. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं एक साधन आहे. लिनक्सच्या बहुतेक यंत्रांत ते असतं. कित्येक वर्षं ते मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, फावल्या वेळात. २०२२ साली त्याला काही जणांनी ईमेलांतून टोचायला सुरुवात केली. कामं अडकलीत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या, अशी भाषा. त्यानं सांगितलं, की आपली मनःस्थिती बरी नसते, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे ध्यानात घ्या. शेवटी मदतीला आलेल्या एकाच्या हाती त्यानं बराच कारभार दिला. त्या मदतनिसानं साधनात चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ ला तो उघडकीला आला, तोही योगायोगानं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या यंत्रात लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्यानं त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला. टोचणारेही त्याच कटातले असावेत, असा संशय आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट खुपते. ते टोचणं तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. फुकट काम करणाऱ्याशी असंच बोलतात, इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं.

आता जरा मुलांच्या बाजूनं. ‘नीट प्रश्न विचारा’ हा उपदेश ऐकला की माझ्या एका मैत्रिणीच्या कपाळावर आठ्या पडतात. ती पण शिकवते. तिचं म्हणणं, हे सगळं ज्यांना आधीच येतं त्यांच्या सोयीचं आहे. एरर इंग्रजीत, मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेतला, हातात मोबाइल किंवा भावाचा जुना लॅपटॉप. स्क्रीनशॉट कसा काढतात ते माहीत नाही म्हणून तर तो फोटो काढतो. त्याला ‘आधी स्वतः शोध’ म्हणालात तर तो शोधत नाही, निघून जातो. आणि ‘आहात का’ विचारणं हा त्याच्या घरचा संस्कार आहे. दार वाजवल्याशिवाय आत शिरायचं नाही.

तिचं बरंचसं पटतं. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ‘आधी मॅन्युअल वाच’ म्हणून नवख्याला झिडकारण्याची एक ओंगळ परंपरा आहे, आणि ती मिरवणारे लोक मी जवळून पाहिलेत. एखाद्याच्या चुकीच्या प्रश्नावर चारचौघांत हसायचं आणि त्याला ‘दर्जा राखणं’ म्हणायचं. तसलं काही मला नको आहे. पण मैत्रिणीच्या म्हणण्याचा शेवट मला मान्य नाही. मुलांना विचारता येत नाही, म्हणून कसंही विचारलं तरी चालवून घ्या, असं म्हटलं तर ती कायमच तशी राहतील. विचारणं हाही कौशल्याचाच भाग आहे, आणि तो आपण शिकवलेला नाही.

शिकवलेला नाही, हेही सौम्य झालं. आपण त्याच्या उलटं शिकवलंय. इंजिनिअरिंगचं जर्नल आठवा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. निरीक्षणाचा तक्ता सीनिअरच्या जर्नलवरून उतरवायचा. प्रयोगात प्रत्यक्ष काय आलं ते लिहिलं तर सर सही करत नाहीत, कारण ‘उत्तर’ वेगळं असतं. मीही चार वर्षं हेच केलं, कुणाला काय बोलणार. आता बघा, एरर कळवणं म्हणजे निरीक्षणाचा तक्ताच आहे. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. समोर जे घडलं ते जसंच्या तसं लिहायची सवय आपण दहावी-बारावीपासून पद्धतशीर मोडतो, आणि मग पोरगा ‘पायथन चालत नाहीये’ एवढंच सांगतो म्हणून कपाळाला हात लावतो.

ही सवय लावता येते. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. छोटे छोटे दृक्‌श्राव्य धडे, त्यातले बरेच मराठीतही. तिथं प्रश्न विचारताना कोणत्या धड्यात, कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलात, ते नोंदवायची सोय ठेवलीय. मला ती फार हुशारीची वाटते. अडल्याचं ठिकाण सांगायचं तर मुलाला तो धडा पुन्हा लावावा लागतो, आणि पुन्हा लावताना निम्म्या वेळा आपलं काय चुकलं ते त्याचं त्यालाच दिसतं. उपदेशाचा एक शब्द न उच्चारता हंडा विसळून घेतला.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका डिप्लोमाच्या मुलीचा मेसेज आला. मी तो जपून ठेवलाय. ‘सर, गावच्या डेअरीच्या दुधाची महिन्याची बेरीज करतेय. बेरजेऐवजी आकडे एकमेकांना चिकटतायत. १२ आणि १५ चे २७ व्हायला पाहिजेत, १२१५ येतायत. इंट लावून पाहिलं तर पहिल्या काही ओळी बरोबर येतात, पण जिथं साडेबारा लिटर आहे तिथं एरर येते. एररची ओळ खाली पेस्ट केलीय. घाई नाही, रविवारी सांगितलं तरी चालेल.’

मी बसस्टॉपवर उभा होतो. उत्तर एका शब्दाचं होतं, ‘फ्लोट’. इंटला फक्त पूर्णांक चालतात, फ्लोटला साडेबाराही चालतात. बस यायच्या आत पाठवून झालं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज, ‘झालं सर. एका दिवशी दूध घातलं नव्हतं, तिथं नुसती आडवी रेघ होती, ती ओळ गाळली. बेरीज वहीशी जुळली.’ यात ‘देव’ कुठेही नाही. ती मराठी माध्यमाची आहे, आणि मेसेजही मराठीतच होता, तेव्हा इंग्रजीची सबब सांगू नये. बेरीज वहीशी जुळल्याचं तिनं कळवलं, त्याचं मोल मला शालीपेक्षा जास्त वाटलं. आपण दिलेलं उत्तर बरोबर होतं की नाही, हे शिकवणाऱ्याला बहुतेक वेळा कळतच नाही. अंधारात दगड मारायचे आणि पुढच्या रविवारची वाट बघायची.

अलीकडे एक नवीन प्रकार सुरू झालाय. मुलं आधी एआयला विचारतात. विचारावं, मीच सांगतो. पहाटे दोनला फाइलच्या नावाची भानगड सांगायला तो माझ्यापेक्षा बरा. पण आता त्यानं दिलेला तीनशे ओळींचा कोड माझ्यापुढे ठेवतात, ‘सर, बरोबर आहे का बघा ना.’ तू वाचलास का? नाही. दहा सेकंदांत निघालेलं वाचायला मला चाळीस मिनिटं, आणि त्या चाळीस मिनिटांत शिकतो कोण, तर मीच. इंटरनेटवरून माहितीची देवाणघेवाण करणारं कर्ल हे जगभर वापरलं जाणारं साधन सांभाळणारा डॅनिएल स्टेनबर्ग यानं २०२५ मध्ये जाहीरपणे हीच तक्रार केली. यंत्रानं रचलेले, वरवर भारदस्त दिसणारे सुरक्षा-त्रुटींचे खोटे अहवाल तपासता तपासता त्याच्या स्वयंसेवकांचा जीव मेटाकुटीला आला होता. विचारणं इतकं स्वस्त पूर्वी कधी नव्हतं. उत्तर देणाऱ्याचा तास मात्र अजून साठच मिनिटांचा आहे.

आणि शिकवणाऱ्यांचंही थोडं. आम्ही काही धुतल्या तांदळाचे नाही. रात्री पावणेदहाला ‘हो, बोल’ लिहिणारा मीच होतो. ‘माझ्याशिवाय पोरांचं अडतं’ यात एक गोडी असते, ती कबूल करायला जड जाते. कितीतरी स्वयंसेवक अशानं दोन वर्षं रात्रंदिवस उत्तरं देतात आणि एके दिवशी चिडून फोन उचलणं बंद करतात. मुलांना कारण कळतही नाही. कुणालाही, केव्हाही, कितीही, असं म्हणणारा माणूस फार तर दोन वर्षं पुरतो. ‘रविवार सकाळ, दोन तास, बाकी वेळी लिहून ठेव’ म्हणणारा दहा वर्षं टिकतो. यात माणुसकी कमी पडते, असं मला वाटेनासं झालंय.

कॉलेजांकडून माझी एकच मागणी आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. प्रॅक्टिकलच्या व्हायवात एक प्रश्न सक्तीचा करा, तुझा प्रोग्रॅम कुठे अडला होता आणि का अडला ते कसं शोधलंस? ‘कुठंच अडला नाही’ म्हणणाऱ्याला शून्य.

माडीवर आम्ही वर्षभरापासून एक करतो. साडेनऊ ते पावणेदहा मला कुणी काही विचारायचं नाही. प्रत्येकानं आपला प्रश्न वहीत चार ओळींत लिहायचा, मराठीत, इंग्रजीत, कसाही. काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं, मी काय करून पाहिलं. स्क्रीनशॉट कसा काढायचा ते फळ्यावर कायमचं लिहून ठेवलंय. सुरुवातीला मुलं कंटाळली, दोघं सोडून गेली, त्यातला एक चांगला होता. पण पावणेदहापर्यंत निम्म्या वह्यांतले प्रश्न खोडलेले असतात. आणि नंबर लावायचा तो मागच्या बाकापासून.

गेल्या रविवारी अकराला दहा मिनिटं असतानाच रांग संपली. काका अजून खालीच पेपर वाचत होते. मागून आवाज आला, ‘सर, मी विचारू का काही?’

‘वहीत लिहिलंयस?’

त्यानं वही पुढे केली. चौथी ओळ खोडून पुन्हा लिहिलेली होती.